तालीम आणि भूमिका : मल्लाच्या नायकपदाची मीमांसा

१

मराठीत 'तालीम' हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. लाल मातीत मल्ल जिथे घडतो ती तालीम. आणि नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी नट ज्या सरावातून जातो, तीही तालीमच. 'कमावणे' या क्रियापदाची गोष्ट अशीच आहे. पैसा कमावला जातो, कातडे कमावले जाते, गवयाचा गळा कमावलेला असतो आणि पैलवानाचा देहही कमावलेलाच असतो. मिळवणे आणि घडवणे या दोन क्रिया या एका धातूत अशा मिसळल्या आहेत की त्या वेगळ्या काढू गेल्यास अर्थाचा काही भाग हातातून निसटतो.

व्यावसायिक मल्लाला चित्रपटात मिळणारे नायकपद त्याने खरोखर कमावलेले असते काय, या प्रश्नाचा विचार करताना भाषेतले हे दुहेरीपण उपयोगी पडते. एरवी या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात. अभिनयाचा विचार करणारा समीक्षक म्हणतो, की मल्लाला अभिनय येत नाही; त्याला भूमिका मिळते ती त्याच्या देहाच्या आकारमानामुळे. कुस्तीचा शौकीन म्हणतो, की जो मल्ल पडद्यावर गेला तो मुळात खरा मल्लच नव्हता; तो तिकीट लावून दाखवल्या जाणाऱ्या, आधी ठरवलेल्या झुंजींचा मल्ल होता. पहिल्याच्या मते तो अपुरा नट असतो, दुसऱ्याच्या मते अपुरा मल्ल. निष्कर्ष मात्र दोघांचा एकच : नायकपद न कमावता मिळाले.

या निष्कर्षामागे एक गृहीतक आहे. झुंज जिंकणे हे मल्लाचे काम आणि जिंकल्यासारखे दाखवणे हे नटाचे काम, ही दोन कामे परस्परांपासून पूर्णपणे वेगळी आहेत, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. महाराष्ट्रातील कुस्ती, रंगभूमी आणि चित्रपट यांचा इतिहास मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

२

कुस्तीच्या मैदानाची स्वतःची एक समीक्षा असते आणि तिची परिभाषाही असते. 'निकाली' कुस्ती म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी कुस्ती. तिच्या उलट टोकाला असते ती 'नुरा' कुस्ती. दोघांनी संगनमताने केलेली, लुटुपुटूची. या दोहोंमधला फरक मैदानावरच्या जाणत्या प्रेक्षकाला कळतो, निदान कळतो अशी त्याची श्रद्धा असते. निकाली कुस्तीत फळ श्रमाच्या मागोमाग येते, म्हणून तिथे 'कमावले' हे विधान निःशंकपणे करता येते.

तथापि निकाली कुस्तीही प्रेक्षकावाचून कधी उभी राहिलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांचे पोषण, त्यांचा सराव आणि त्यांच्या झुंजी यांचा विचार येतो तो 'मल्लविनोद' या नावाखाली. मल्लांचे द्वंद्व हे राजाच्या मनोरंजनाच्या प्रकारांपैकी एक म्हणून तिथे नोंदले गेले आहे. म्हणजे मल्ल प्रदर्शनासाठी पोसला गेला ही गोष्ट सिनेमाने आणलेली नाही; ती किमान साडेआठशे वर्षांची आहे.

कोल्हापुरात हे नाते वास्तुरचनेतच दिसते. शाहू छत्रपतींनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ सालचे. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. एका बाजूला हलगी घुमत होती, दुसऱ्या बाजूला नांदी. आणि दोन्हींचा आश्रयदाता एकच होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा मैदानाच्या बाजूचा रंगमंचही त्या आगीत सापडला. मैदान आणि रंगभूमी यांचे शेजारपण इतके निकटचे होते.

३

हे शेजारपण केवळ योगायोगाचे म्हणता येणार नाही, कारण नाट्यविचाराच्या मुळाशीच ते आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भारती, सात्त्वती, कैशिकी आणि आरभटी या चार वृत्तींच्या उत्पत्तीची जी कथा येते, ती विष्णूने मधु आणि कैटभ या दैत्यांशी केलेल्या युद्धाची आहे. द्वंद्वातील बोलणे, पवित्रे आणि आवेग यांतून नाट्याच्या वृत्ती जन्मल्या, असे ती कथा सांगते. त्याच ग्रंथात रंगमंचावरील शस्त्रप्रयोगाचे नियम सांगताना प्रत्यक्ष छेद-भेद करू नये, रक्त सांडू नये, प्रहार केवळ सूचित करावा, अशी मर्यादा घातली आहे. आणि हे सगळे ज्याला करावयाचे त्या नटाने व्यायामाने देह घडवावा, असेही म्हटले आहे. सारांश, प्रहार न करता प्रहाराचा प्रत्यय देणे ही फसवणूक नसून ते एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राला कमावलेला देह लागतो. मैदानाच्या भाषेत जी नुरा, ती भरताच्या भाषेत नाट्यधर्मी ठरू शकते.

महाभारतातील विराटपर्व हा या संदर्भात विलक्षण अर्थपूर्ण पाठ आहे. अज्ञातवासातला भीम बल्लव नावाने आचाऱ्याची भूमिका वठवीत असतो. विराटाच्या नगरीत उत्सव भरतो, जीमूत नावाचा मल्ल सर्वांना आव्हान देतो, आणि राजाच्या आज्ञेमुळे बल्लवाला नाइलाजाने आखाड्यात उतरावे लागते. तिथे तो हजारोंच्या समक्ष जिंकतो. पण ते जिंकणे बल्लवाचे असते, भीमाचे नव्हे. पुढे हाच भीम कीचकाला मारतो तो रात्री, अंधारात, कोणी पाहत नसताना, आणि तेही नृत्यशाळेत. प्रेक्षकांसमोर झालेली कुस्ती भूमिकेत राहून केलेली आहे. खरी झुंज मात्र प्रेक्षकावाचून, नाचाच्या जागेत घडते. निकाली आणि नाटकी यांची इतकी गुंतागुंत ज्या परंपरेने पचवली, तिच्या वारसांनी मल्लाच्या भूमिकेकडे केवळ संशयाने पाहावे हे काहीसे चमत्कारिक आहे.

४

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने याच अंधाऱ्या नृत्यशाळेत पुन्हा पुन्हा प्रवेश केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांनी कर्झन पाहिला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच कथेवर बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 'सैरंध्री' हा मूकपट काढला. तो १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की प्रेक्षकांत घबराट उडाली आणि त्या दृश्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' हा किताब दिला असे सांगितले जाते. पुढे महाराष्ट्रात 'केसरी' हा किताब मल्लांचा झाला, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे.

व्यासांनी अंधारात ठेवलेला वध 'सैरंध्री'ने उजेडात आणला. मूकपटाला संवाद नव्हते. आंगिक अभिनय हीच त्याची भाषा होती. अशा माध्यमात कमावलेल्या देहाला आपोआपच नायकाचे स्थान लाभते, कारण तिथे देह हेच वाक्य असते.

बोलपट आला आणि हे स्थान डळमळले. याची साक्ष मास्टर विठ्ठल यांच्या कारकिर्दीत मिळते. ते व्यावसायिक मल्ल नव्हते; पण मूकपटातल्या साहसी नायकांत त्यांचे नाव अग्रभागी होते आणि त्यांची कीर्ती सर्वस्वी देहाच्या चपळाईवर उभी होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुरुवात करून ते मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीचे नायक बनले. अर्देशिर इराणी यांनी 'आलम आरा'साठी त्यांना घेतले तेव्हा शारदाने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि निकाल विठ्ठल यांच्यासारखा लागला. कोर्टात नायकपद असे जिंकले गेले. परंतु १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात भारताचा पहिला बोलपट झळकला, तेव्हा त्याचा नायक फारसा बोलत नव्हता. उर्दूमिश्रित हिंदीवर विठ्ठल यांची पकड नसल्यामुळे त्यांची भूमिका बरीचशी गुंगीतल्या माणसाची करण्यात आली होती. आंगिक अभिनयाच्या बळावर कमावलेली भूमिका वाचिक अभिनयाच्या उंबरठ्यावर अडली. नंतरच्या काळात विठ्ठल यांच्या वाट्याला दुय्यम भूमिका येत गेल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नायकपद 'कमावले' की नाही, हे एकदाच ठरत नाही. माध्यमाची संकेतव्यवस्था बदलली की कमाईचे चलनही बदलते.

५

देहाचे चलन पुन्हा चालवले ते दारासिंग यांनी, आणि तेही मुंबईतच. १९२८ साली अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले दारासिंग सिंगापूर-मलायातील व्यावसायिक कुस्तीत नाव मिळवून भारतात परतले. एमिल झाया हा अवाढव्य हंगेरियन मल्ल 'किंग काँग' या नावाने खेळत असे. १९३३ सालच्या अमेरिकी चित्रपटातल्या अजस्र वानराचे हे नाव. दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजी म्हणजे पन्नाशीच्या दशकातले एक मोठे लोकरंजन होते. १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींनी दारासिंग यांना नायक करून जो चित्रपट काढला, त्याचेही नाव 'किंग काँग'च. सिनेमातून आखाड्यात गेलेले नाव आखाड्यातून पुन्हा सिनेमात आले. १९६३ च्या 'फौलाद'पासून मुमताज यांच्यासमवेत त्यांची जोडी जमली, आणि साठीच्या दशकात छोट्या गावांच्या चित्रपटगृहांत नि जत्रांच्या तंबूंत त्यांच्या पोशाखी साहसपटांनी गर्दी खेचली. मे १९६८ मध्ये मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या लू थेझवर मात केली, तेव्हा ते मल्लही होते आणि नटही.

या कुस्त्या निकाली होत्या काय? फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहातील पहिल्याच निबंधात हा प्रश्नच निरर्थक ठरवला. त्यांच्या मते व्यावसायिक कुस्ती हा खेळ नव्हे, तो देखावा आहे. प्रेक्षक निकाल पाहायला येत नाही, तो वेदना, पराभव आणि न्याय यांची ढोबळ, निःसंदिग्ध चित्रे पाहायला येतो. मल्लाचे काम जिंकणे नसून त्याच्याकडून अपेक्षित असलेल्या हालचाली पार पाडणे हे आहे. व्यवसायानेही हे पुढे उघडपणे मान्य केले. १९८९ साली अमेरिकेतल्या 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'ने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला धंदा स्पर्धेचा नसून करमणुकीचा असल्याचे सांगितले. कारण तसे सांगितल्याने खेळांवरील सरकारी नियंत्रणातून आणि करातून सुटका होणार होती.

बार्त यांचे विवेचन मार्मिक आहे, पण अपुरे आहे. त्यांच्या निबंधात मल्लाचा देह हे चिन्ह आहे. ते चिन्ह घडले कसे, याचा इतिहास तिथे नाही. जोर-बैठकांची वर्षे, खुराकाचा खर्च, मोडलेले कान ही सारी घडण चिन्हाच्या पाठीमागे अदृश्य होते. 'कमावलेला देह' हा मराठी शब्दप्रयोग नेमकी हीच घडण दृश्य ठेवतो. दारासिंग यांच्या बाबतीत म्हणूनच असे म्हणावे लागते, की ज्या देखावा-कुस्तीमुळे शौकिनांनी त्यांना खरे मल्ल मानण्यास खळखळ केली, तीच त्यांची नटाची तालीम होती. पडणाऱ्याला इजा न होता तो पडल्याचा प्रत्यय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, क्रोध आणि क्षमा देहाने बोलून दाखवणे, प्रेक्षकाचा श्वास जोखून डाव लांबवणे हे कसब निकाली कुस्ती शिकवत नाही. ते त्यांनी अनेक देशांतल्या आखाड्यांत, झुंजीमागून झुंज करीत कमावले होते. त्यांच्याकडे नव्हती ती वाचिक सिद्धता. पंजाबी वळणाच्या उच्चारांमुळे सुरुवातीच्या चित्रपटांत त्यांच्या तोंडी अनेकदा दुसऱ्याचा आवाज असे. मास्टर विठ्ठल यांना माध्यमाने गुंगीत ठेवले, दारासिंग यांना उसना गळा दिला.

६

या उपपत्तीची उलट बाजूने परीक्षा घेता येते. निकाली विजय हेच जर नायकपदाचे भांडवल असते, तर ते सर्वाधिक कोणाजवळ होते? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. पदकानंतर खाशाबांनी पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ साली अपघाती निधन झाल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. श्रीपती खंचनाळे १९५९ साली आणि गणपत आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. हे सारे मैदानाचे नायक होते. पण त्यांचा विजय रुपेरी पडद्यावरच्या कारकिर्दीत रूपांतरित झाला नाही. त्यात त्यांचे काही न्यून होते असे नव्हे. त्यांनी जे कमावले ते वेगळ्या चलनात होते, एवढाच याचा अर्थ.

दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. अलीगढच्या हमीदा बानू यांनी पन्नाशीच्या दशकात पुरुष मल्लांना आव्हाने देत देशभर कीर्ती मिळवली. १९५४ साली मुंबईत त्यांनी रशियाच्या म्हणवल्या गेलेल्या वेरा चिस्टिलिन या महिला मल्लाला मिनिटाच्या आत हरवले. देखावा त्यांच्याजवळ होता, प्रेक्षक होता, दंतकथाही होती. परंतु महाराष्ट्रात त्यांच्या वाट्याला विरोध आला. पुण्यातली त्यांची एक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली, कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षक खवळले. बंदीविरुद्ध त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता, की हरकत त्या स्त्री असल्याबद्दल नाही. त्यांच्यासमोर नावापुरते प्रतिस्पर्धी उभे केले जातात, अशा तक्रारी आहेत. नुरा कुस्तीचा संशय दारासिंग यांच्या नायकपदाच्या आड आला नाही. हमीदा बानूंच्या बाबतीत तोच संशय मैदानाचे दार लावून घेण्यास पुरेसा झाला. पडद्यावरचे नायिकापद दूरच राहिले. अखेरची वर्षे त्यांनी कल्याण परिसरात विस्मृतीत काढली.

म्हणजे कमाई आणि तिची पोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देहाची घडण व्यक्तीच्या हातात असते. त्या देहाला नायकत्वाचे चिन्ह म्हणून मान्यता देणे समाजाच्या हातात असते. 'त्याने भूमिका कमावली' या वाक्याचा कर्ता एकवचनी दिसतो, पण त्याची क्रिया अनेकवचनी असते.

७

या अनेकवचनाची नैतिक बाजू पाहण्यासाठी कुस्तीपासून बऱ्याच दूरच्या एका विचाराकडे वळणे इष्ट ठरेल. आज रायगड जिल्ह्यात असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी गांधींच्या एकादशव्रतांपैकी शरीरश्रमाचे व्रत आयुष्याच्या केंद्रस्थानी आणले. १९५० साली पवनार येथे त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला, तो पैशावाचून, स्वतःच्या अंगमेहनतीवर जगण्याचा. या कसोटीवर मल्लाची मेहनत बिकट प्रश्न उभा करते. जोर-बैठकांतून धान्य पिकत नाही. मल्लाचे दूध, तूप, बदाम दुसऱ्याच्या श्रमातून येतात. कधी संस्थानाच्या खजिन्यातून, कधी गावाच्या वर्गणीतून, कधी तिकिटाच्या पैशातून. त्या अर्थाने कमावलेला देह हा कर्जाऊ देह असतो, आणि अनेकांचा त्यात वाटा असतो.

या ऋणकोशात आणखी एक नाव नोंदवले पाहिजे : हरणाऱ्याचे. किंग काँगच्या अजस्र देहावाचून दारासिंग यांचा देह 'नायकाचा' झाला नसता. कीचकावाचून भीम नाही, जीमूतावाचून बल्लव नाही. देखाव्यात पराभूताचे कसब विजेत्याहून कमी नसते, कित्येकदा जास्त असते. पण श्रेयनामावलीत त्याचे स्थान खालचे राहते. नायकपदाबाबत अन्याय कुठे असेल तर तो इथे आहे. मल्लाला नायक केले यात नाही.

उत्तरायुष्यात दारासिंग यांनी एकाहून अधिक वेळा हनुमान साकारला. १९७६ च्या 'बजरंगबली' चित्रपटात आणि १९८७ साली सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेत. मालिकेच्या वेळी ते साठीच्या उंबरठ्यावर होते. देहाची तरुण चपळाई ओसरली होती, उच्चारातला पंजाबी ठसा कायम होता, तरीही ही भूमिका देशाने त्यांची म्हणून स्वीकारली. महाराष्ट्रातल्या तालमीत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर नाही असे क्वचितच असते. मल्ल मातीला हात लावण्यापूर्वी तिला हात जोडतो. बळ आहे पण ते दुसऱ्याच्या चरणी वाहिलेले आहे, ही या दैवताची ओळख. इथे आंगिक अभिनयाला सात्त्विकाची जोड मिळाली. त्यांच्या सर्व भूमिकांत हीच निर्विवादपणे कमावलेली ठरते, कारण तिच्यात मल्लाचे ऋण मान्य केलेले आहे.

त्यानंतर दिशाच उलटली. २०१६ सालच्या 'दंगल'मध्ये आमिर खान या नटाने मल्ल महावीरसिंग फोगट यांची भूमिका करण्यासाठी वजन वाढवले, घटवले, देह घडवला, आणि या घडणीचीच चर्चा त्याच्या अभिनयाची ग्वाही म्हणून झाली. पूर्वी मल्लाला विचारले जाई, 'तुला अभिनय येतो का?' आता नट स्वतःहून सांगू लागला, 'मी देह कमावला आहे.' देहाच्या घडणीला अभिनयाचा दर्जा देण्यास समीक्षा तयार झाली ती नटाने ती केल्यावर. मल्लाने तीच गोष्ट उभे आयुष्य केली, तेव्हा तिला केवळ आकारमान म्हटले गेले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : मल्ल आपले नायकपद कमावतो, पण जिंकून नव्हे. जिंकण्या-हरण्याला रूप देण्याची जी दीर्घ तालीम त्याच्या देहावर झालेली असते, तिच्या बळावर तो ते कमावतो. आणि ती तालीम त्याने एकट्याने केलेली नसते. मराठी नाट्य-चित्रपटसमीक्षेने वाचिकाला दिलेले झुकते माप तपासून पाहिले, तर आंगिकाच्या या परंपरेचा इतिहास लिहिण्याचे काम कितीतरी शिल्लक असल्याचे दिसून येईल. त्या इतिहासात निकाल लावणाऱ्यांबरोबर पाठ टेकवणाऱ्यांचीही नावे यावी लागतील.